सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंत

डिसेंबर महिन्यात केजला सूर्य सहाच्या आत मावळतो. मोंढ्यातील आडतीवर पोत्यांची मोजदाद अजून चालू असते, अंबाजोगाईकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ ओसरलेली नसते. पण चौविहार पाळणाऱ्या घरांत पाच वाजल्यापासूनच स्वयंपाकघराची लगबग सुरू होते. दुकानातील माणूस साडेपाचला घरी येतो, हातपाय धुऊन पाटावर बसतो. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, एखादी फळभाजी आणि वाटीभर भात एवढे जेवण काहीशा घाईनेच उरकतो, दिवस मावळण्याआधी शेवटचे पाणी पितो आणि पच्चक्खाण घेऊन पुन्हा दुकानाकडे वळतो. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सूर्योदय होऊन ४८ मिनिटे लोटेपर्यंत, म्हणजे नवकारशी येईपर्यंत, त्याच्या मुखात अन्नाचा कण जात नाही की पाण्याचा थेंब. हिवाळ्यात हे अंतर १४ तासांचे होते.

याच माणसाला मधुमेह असेल, तर हे १४ तास त्याच्या शरीरात कसे जातात याची चौकशी घरात क्वचितच होते. चौकशी होते ती सकाळच्या आकड्याची.

असा एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. वय ६५, मधुमेह १२ वर्षांचा. सकाळी न्याहारीपूर्वी आणि संध्याकाळी जेवणापूर्वी एकेक गोळी. त्या एका गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी दोन औषधे एकत्र. घरात त्यांना सारे बाबूजी म्हणतात. बाबूजींची उपाशीपोटीची साखर १७२ भरते. रात्री काही खाल्ले नाही, चहासुद्धा नाही, तरीही १७२. याचे त्यांना आश्चर्य वाटते आणि थोडा अपमानही वाटतो. इतका संयम पाळून पदरात काय पडले, असे त्यांच्या मनात येते. डॉक्टरांची भेट पंधरा दिवसांवर असते. मग ते स्वतःच्याच मनाने संध्याकाळची एक गोळी दोन करतात आणि भाकरी दीडची एक करतात. दोन आठवड्यांनी आकडा ११८ येतो. घरात आनंद होतो, सून नणंदेला फोन करून ही बातमी कळवते.

त्याच दोन आठवड्यांत आणखी काही गोष्टी घडत असतात. मध्यरात्र उलटल्यावर बाबूजी अंगावरची गोधडी दूर सारतात. भर डिसेंबरात त्यांचा सदरा घामाने भिजलेला असतो. ‘गोधडी फार जाड आहे’, असे ते सांगतात. झोपेत बडबडतात, सकाळी डोके जड असते, क्षुल्लक कारणावरून नातवावर डाफरतात. पहाटेच्या प्रतिक्रमणात, चाळीस वर्षे मुखोद्गत असलेल्या पाठात, मध्येच अडखळतात. घरातील माणसे एकमेकांकडे पाहतात आणि वयाचा परिणाम म्हणून सोडून देतात. उशीचा अभ्रा रोज ओला होतो, हे फक्त त्यांच्या पत्नीच्या लक्षात आलेले असते. पण अभ्र्याचा आणि साखरेचा संबंध असू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

बाबूजी कल्पनेतील आहेत. पण त्यांच्यासारखी घरे केजमध्ये काय किंवा मराठवाड्यातील कोणत्याही बाजारपेठेच्या गावी काय, शोधत हिंडावे लागत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे असल्याचे दिसून आले. यांतील बहुतेकांचा उपचार सकाळच्या एका आकड्याभोवती फिरतो, आणि तो आकडा म्हणजे रात्रभर चाललेल्या देवघेवीची केवळ अखेरची शिल्लक असते. मधल्या नोंदी न पाहता नुसत्या शिलकेवरून हिशेब पुरा झाला असे कोणताही आडत्या मानणार नाही.

रात्री खाणे नसले तरी रक्तात साखर येते कोठून, हा बाबूजींचा प्रश्न रास्तच आहे. तिचा उगम यकृतात आहे. मेंदूला अहोरात्र साखर लागते; ती पुरवण्यासाठी यकृत दिवसा साठवलेले ग्लायकोजेन रात्री थोडे थोडे मोडते आणि काही साखर नव्याने तयारही करते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात यकृत रात्री ताशी सुमारे ७ ग्रॅम साखर सोडत असते. निरोगी माणसात स्वादुपिंडातून झिरपणारे इन्सुलिन या सोडण्यावर लगाम ठेवते. पहाटे तीन-चारनंतर शरीर जागे होण्याची तयारी करू लागते. कॉर्टिसोलसारखी संप्रेरके वाढतात, रात्री स्रवलेल्या वाढीच्या संप्रेरकाचा प्रभावही या सुमारास जाणवतो आणि यकृत अधिक साखर सोडू लागते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड त्याच वेळी थोडे जास्त इन्सुलिन सोडून हिशेब मिटवते. मधुमेहीला ते जमत नाही आणि आकडा चढतो. १९८१ साली मारिया श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पहाटेच्या वाढीचे वर्णन केले, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात ती ‘डॉन फिनॉमिनन’ या नावाने ओळखली जाते. टाइप २ मधुमेहाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत ती आढळते. बाबूजींच्या १७२ मध्ये तिचा वाटा असणे अगदी शक्य आहे. त्यांच्या संयमात काही उणे राहिले, असा त्याचा अर्थ होत नाही.

ही वाढ पहाटे संपतही नाही. पोटात काही जाईपर्यंत ती पुष्कळदा चालूच राहते. पाच वाजता सामायिकाला बसण्यापूर्वी घेतलेला आकडा १४० असेल आणि नंतर मंदिरात किंवा स्थानकात जाऊन, तेथून प्रयोगशाळेत साडेआठला दिलेल्या रक्तात तो १६५ निघाला, तर दोन्ही खरे असू शकतात. म्हणून आकड्याशेजारी वेळ लिहिली पाहिजे. वेळ नसलेला आकडा डॉक्टरांना निम्मीच माहिती देतो.

सकाळच्या वाढीचे आणखी एक कारण जुन्या पुस्तकांत सापडते. मूळचे हंगेरीचे, पुढे अमेरिकेत सेंट लुईस येथे काम केलेले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल सोमोजी यांनी १९३०च्या दशकात असे मांडले, की रात्री साखर फार उतरली तर शरीर घाबरून उलट दिशेने साखर उसळवते आणि म्हणून सकाळी ती वाढलेली दिसते. हा विचार आकर्षक होता, अजूनही पुष्कळ ठिकाणी तो जसाच्या तसा सांगितला जातो. परंतु दंडावर चिकटवायच्या आणि रात्रभर नोंद ठेवणाऱ्या संवेदकांमुळे, म्हणजे सेन्सरमुळे, हजारो रात्री प्रत्यक्ष पाहता येऊ लागल्या, तेव्हा चित्र वेगळे दिसले. रात्री साखर उतरलेल्यांची सकाळची साखर बहुधा बेताची किंवा कमीच असते. उसळी मारून वर गेल्याची उदाहरणे थोडी. याचा व्यवहारातील अर्थ मात्र गंभीर आहे. सकाळी ११८ दिसले म्हणजे रात्र सुखरूप गेली, असे धरून चालता येत नाही. बाबूजींच्या घरातील आनंद याच समजुतीवर उभा होता.

आता चौविहाराकडे वळावे. रात्रीभोजनत्याग मधुमेहाला अनुकूल की प्रतिकूल, असा वाद घरोघरी होतो आणि दोन्ही बाजू थोड्याथोड्या बरोबर असतात. रात्री दहाला पोटभर जेवून लगेच आडवे होणाऱ्याची साखर मध्यरात्रीपर्यंत चढलेली राहते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याला झोपेपूर्वी तीन-चार तास मिळतात, जेवणानंतर हिंडणे-फिरणे होते, हे निःसंशय हिताचे. केवळ आहार-व्यायामावर किंवा एकट्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाला चौविहाराने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची भीती फारच थोडी. प्रश्न उभा राहतो तो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडणाऱ्या ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांचा आणि इन्सुलिनच्या सुईचा. पोटात अन्न आहे की नाही, याची या औषधांना दखल नसते. ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम तर लांबवर टिकतो. वृद्धांमध्ये आणि मूत्रपिंड दुबळे झालेल्यांमध्ये तो विशेष जपून पाहावा लागतो.

तीस-सत्तर म्हणून ओळखले जाणारे मिश्र इन्सुलिन आपल्याकडे पुष्कळ रुग्ण घेतात. त्यातील सत्तर भाग घेतल्यानंतर चार ते दहा तासांच्या दरम्यान जोर धरतो. रात्री साडेआठला जेवणाऱ्याच्या बाबतीत हा जोर मध्यरात्रीनंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत पोहोचतो आणि पहाटेच्या वाढीला काही अंशी उपयोगी पडतो. साडेपाचला सुई घेऊन जेवणाऱ्याच्या बाबतीत तोच जोर रात्री साडेनऊपासून सुरू होतो. ज्या तासांत यकृतही शांत असते आणि पोटही रिकामे होत आलेले असते, नेमके तेच तास त्याच्या वाट्याला येतात. पहाटेची वाढ सुरू होते, तेव्हा औषध ओसरू लागलेले असते. मध्यरात्री कमी आणि सकाळी जास्त, असे दोन्ही दोष एकाच रात्री पदरी पडतात. डॉक्टरांनी डोस ठरवताना रुग्ण आठला जेवतो असे गृहीत धरलेले असते. रुग्णही आपण होऊन आपली वेळ सांगत नाही. चौविहाराची गोष्ट डॉक्टरांना सांगायला संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे हे जसे सांगायचे, तसेच हेही सांगायचे.

वर्षभर ही वेळ एकसारखीही नसते, आणि याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. जूनच्या आरंभी केजला सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि पावणेसहाच्या सुमारास उगवतो. त्या दिवसांत संध्याकाळच्या घासापासून नवकारशीपर्यंतचे अंतर साडेअकरा तासांचे भरते. डिसेंबरात तेच १४ तासांचे. जूनमध्ये नेमका बसलेला डोस डिसेंबरात जड होऊ शकतो. त्यात मृगापासून दिवाळीपर्यंत चातुर्मास, पर्युषण, आयंबिलाची ओळी अशी व्रतांची रांग असते, आणि पाठोपाठ बीड जिल्ह्याच्या डोंगरांतील सीताफळे बाजारात येतात. या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या घरांत ते चालते, तेथे संध्याकाळी एकाच्या जागी दोन संपतात आणि जेवणाच्या हिशेबात ती कोणी धरत नाही. पूर्ण उपवासाच्या दिवशी तर औषध नेहमीसारखे घेणे आणि सारेच बंद करणे ही दोन्ही टोके घातक आहेत. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल, तर निर्जळ उपवासाआधी डॉक्टरांशी बोलणे टाळूच नये. शरीरातील पाणी कमी होणे आणि रक्तात आम्ल साचणे हे दोन्ही धोके त्या गोळीसोबत वाढतात.

मग रात्रीची गोष्ट कळावी कशी? त्यासाठी एकदा तरी रात्री तीनला उठावे लागते. तीन-चार रात्री निवडाव्यात. झोपण्यापूर्वी एक, पहाटे तीनच्या सुमारास एक आणि उठल्याबरोबर एक असे तीन आकडे घ्यावेत. बोट टोचल्याने चौविहार मोडत नाही, मुखात काही जात नाही. बोट साबणाने धुऊन कोरडे करावे; फळ कापल्यावर न धुतलेल्या बोटावरचा गोडवा पट्टीवर उतरून भलताच मोठा आकडा दाखवतो, आणि त्या आकड्यावर डोस वाढवणारे महाभागही आढळतात. झोपतानाच २१० असेल आणि सकाळीही तसेच असेल, तर शोध संध्याकाळच्या ताटात घ्यावा. तीनला १२० आणि सकाळी १७० असेल, तर ती पहाटेची वाढ. तीनला ७० च्या खाली असेल, तर सकाळी काहीही दिसो, औषध जास्त होत आहे; आणि ५४ च्या खाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, पंधरवड्याची वाट पाहू नये. पट्ट्या स्वस्त नाहीत हे खरे. पण बारा पट्ट्यांचा हा खर्च वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा हिवाळ्यात, करण्याजोगा आहे. दंडावरचा सेन्सर परवडत असेल तर तो १४ दिवसांच्या सगळ्या रात्री दाखवतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केजच्या रुग्णाला तज्ज्ञांचा सल्ला घेण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही.

पहाटेची वाढ असल्याचे ठरले, तर उपाय डॉक्टर निवडतात: कधी मेटफॉर्मिनची विभागणी बदलतात, कधी साखर सहसा उतरू न देणारी दुसऱ्या गटातील गोळी देतात, कधी रात्रभर सम पातळीवर काम करणारे दीर्घ मुदतीचे इन्सुलिन सुचवतात. घरच्यांच्या हाती असलेले उपाय साधे आहेत. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालावे. वाटीभर भाताच्या जागी डाळ, उसळ, मूग-मटकी वाढवावी. जमीकंद ताटात नसतोच. त्यामुळे बटाट्याची चिंता या घरांना नाही, पण त्याची जागा पुष्कळदा शेव, पापड आणि कच्च्या केळीची भाजी घेतात, तेही पाहावे. आणि ६५ वर्षांच्या माणसाची सकाळची साखर ९० वर आणण्याचा हट्ट नसावा. सर्वसाधारणपणे मधुमेहींसाठी ८० ते १३० हे उपाशीपोटीचे लक्ष्य मानले जाते. वृद्धांसाठी, ज्यांची साखर एकदा धोकादायक उतरली आहे त्यांच्यासाठी, डॉक्टर ते आणखी सैल करतात. शेजाऱ्याचा आकडा ९५ आहे म्हणून आपलाही तसाच हवा, ही चढाओढ निरर्थक आहे.

राहता राहिला रात्री तीनचा सर्वांत कठीण प्रसंग. घाम फुटला आहे, हात थरथरत आहेत, मशीन ५२ दाखवते आहे, आणि बाबूजी म्हणतात, ‘पच्चक्खाण आहे, सकाळपर्यंत थांबू.’ त्या क्षणी तेथे थांबणे नाही. शुद्धीवर असलेल्या आणि गिळू शकणाऱ्या माणसाला सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. व्होग्लिबोस किंवा अकार्बोस ही गोळी चालू असणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी साखरेचे विघटनच लांबवते. त्यांच्या घरी ग्लुकोजची पूड असावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे उतरलेली साखर एकदा वर येऊन पुन्हा उतरू शकते. म्हणून आकडा सुधारल्यावरही त्या रात्री एकट्याला झोपू देऊ नये.

व्रताचे काय, हा प्रश्न अशा घरात गौण नाही आणि डॉक्टरांनी तो हसण्यावारी नेऊ नये. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणाच्या पाठात आगार सांगितलेले असतात. आगार म्हणजे आधीच ठेवलेली मोकळीक. त्यांतील एक ‘सव्वसमाहिवत्तियागार’ या नावाने ओळखला जातो. तीव्र पीडेने चित्ताची समाधी ढळत असेल, तर ती सावरण्यासाठी औषधादी घ्यावे लागल्यास पच्चक्खाण भंगत नाही, असा त्याचा आशय सांगितला जातो. म्हणजे हा पाठ घडवणाऱ्यांनी आजारी माणसाचा विचार केलेला होता. रोज तो पाठ म्हणणाऱ्यांनाच त्याचा विसर पडतो. कोणी चौविहाराऐवजी तिविहार करून पाण्याची सोय ठेवतात. संप्रदायागणिक आणि घराण्यागणिक रीती वेगवेगळ्या आहेत, दिगंबर घरांतील रात्रीभोजनत्यागाची पद्धतही निराळी. म्हणून गावात चातुर्मासासाठी आलेल्या साधू-साध्वींना किंवा घरातील जाणत्यांना दिवसाउजेडी विचारून ठेवावे: रात्री साखर उतरली तर काय घ्यावे आणि नंतर काय करावे. पहाटे तीनला, घामाने डबडबलेल्या आणि साखरेअभावी नीट विचार करू न शकणाऱ्या माणसाकडून धर्मनिर्णयाची अपेक्षा धरणे त्याच्यावर अन्याय आहे. त्या वेळी नकार देतो तो त्याचा निश्चय असतो की उपाशी मेंदूचा गोंधळ, हे शेजारी बसलेल्या पत्नीला कळणार कसे?

बाबूजींच्या घरी हे सारे एका ओल्या अभ्र्यावरून उघडकीस आले असे समजू. सुनेने तीन रात्री गजर लावला. तिसऱ्या रात्री मशीनने ५६ दाखवले. डॉक्टरांनी संध्याकाळच्या गोळीतील ग्लिमेपिराइड काढून टाकले, मेटफॉर्मिन ठेवले, सोबत दुसऱ्या गटातील एक गोळी दिली. सकाळचा आकडा पुन्हा १४० च्या घरात गेला. बाबूजी थोडे खट्टू झाले. पण गोधडी अंगावर राहू लागली आणि प्रतिक्रमणाचा पाठ पूर्ववत अस्खलित झाला. उशाशी स्टीलची एक लहान डबी असते, तिच्यात साखर. तिच्यावर पत्नीचेच लक्ष असते. स्वयंपाकघरात टांगलेल्या जैन तिथिदर्पणात सूर्योदय, नवकारशी आणि सूर्यास्ताचे रकाने छापलेले असतात. सून आता त्याच रकान्यांच्या शेजारी पेन्सिलीने वेळ आणि आकडा लिहिते. फेब्रुवारीत सूर्यास्त सव्वासहाच्या पुढे सरकला, की ते पान फाडून डॉक्टरांकडे न्यायचे, असे तिने ठरवून ठेवले आहे.